पंपिंग कमी, पण थकवा पायांत

हृदयाच्या टूडी एको तपासणीच्या रिपोर्टवर ‘इएफ ३० टक्के’ आलं की घरातले सगळे मिळून एक निर्णय घेतात: आता यांनी काही करायचं नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून दिला जातो. यामागचं प्रेम खरं आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे, आणि तिनेच पेशंटचा थकवा वाढतो.

समजूत साधी आहे. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला त्यातल्या रक्ताचा किती वाटा बाहेर ढकलतो, तो आकडा म्हणजे इएफ. तो घसरला, म्हणजे रक्त कमी पोचतं, म्हणून माणूस थकतो. असं असतं तर पंपिंग वाढवताच थकवा उतरायला हवा होता. पण शिरेतून औषध देऊन हृदयाचा जोर लगेच वाढवला तरी चालण्याची ताकद त्याच वेळी वाढत नाही. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांचीही व्यायामक्षमता बराच काळ निरोगी माणसाच्या खूप खाली राहते. हृदय नवं असतं, पाय मात्र जुनेच असतात.

१९८० च्या दशकात संशोधकांनी हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडलेल्या, पेशंटांच्या हाताचे स्नायू चुंबकीय तंत्राने तपासले. मनगटाजवळचा स्नायू इतका लहान असतो की कमजोर हृदयही त्याला पुरेसं रक्त देऊ शकतं. तरीही त्यातला फॉस्फोक्रिएटिन हा तातडीचा ऊर्जासाठा निरोगी माणसापेक्षा लवकर संपत होता आणि आम्लता लवकर वाढत होती. बिघाड स्नायूच्या आतच होता. न दमता काम करणारे संथ तंतू कमी झालेले, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया घटलेल्या. याला आजार कारणीभूत आहेच, पण पडून राहणंही आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पावपटीहून जास्त घसरली. मग साठीतल्या पेशंटचं काय होत असेल?

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग. स्नायूंत बारीक मज्जातंतू असतात, आणि त्यांना स्नायूतली आम्लता आणि साचलेली टाकाऊ द्रव्यं जाणवतात. ते मेंदूच्या तळाशी संदेश पाठवतात: श्वास वाढव, नाडी वाढव, रक्तवाहिन्या आवळ. याला अर्गोरिफ्लेक्स म्हणतात. हार्ट फेल्युअरमध्ये तो अति संवेदनशील होतो. लंडनमध्ये मास्सिमो पिएपोली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: पेशंटने मूठ आवळण्याचा व्यायाम करायचा, आणि थांबताच दंडावरचा पट्टा इतका फुगवायचा की रक्त अडून द्रव्यं हातातच कोंडली जातील. हात आता स्वस्थ आहे, तरी श्वास चढलेलाच राहतो, निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे धाप लागण्याचा एक हुकूम छातीतून नव्हे, स्नायूतून सुटतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला आणखी जोर लावावा लागतो, हालचाल आणखी घटते, स्नायू आणखी बिघडतो. हातांना सहा आठवडे व्यायाम दिल्यावर ही प्रतिक्रिया लक्षणीय कमी झाली. हे चक्र उलटं फिरवता येतं.

अडचण अशी की ज्याला जिना चढवत नाही, त्याने आठवड्यातून पाच दिवस पुनर्वसन केंद्रात जायचं कसं? पोलंडमध्ये एवा पिओत्रोविच यांच्या पुढाकाराने टेलेरेह-एचएफ हा अभ्यास झाला, त्यात ८५० पेशंट होते. त्यातल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना एक आठवडा रुग्णालयात शिक्षण आणि पुढचे आठ आठवडे घरून व्यायाम: काठ्या घेऊन चालणं, श्वसन, हलके ताकदीचे प्रकार. दर वेळी व्यायामाआधी पेशंटने थकवा, धाप, वजन, रक्तदाब, घेतलेल्या गोळ्या सांगायच्या आणि अंगावरच्या छोट्या यंत्रातून ईसीजी मोबाइल नेटवर्कने पाठवायचा. केंद्राने होकार दिला तरच चालायचं. कधी चालायचं, कधी थांबायचं, ते यंत्र आवाज करून सांगे. घरून व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दर किलोमागे मिनिटाला सुमारे १ मिलिलिटरने वाढली, दुसऱ्या गटात काहीच वाढ नव्हती. जगण्याचा दर्जाही सुधारला. मृत्यू आणि रुग्णालयातल्या भरतीत मात्र पुढे फरक दिसला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

म्हणून ‘सात दिवसांत पंपिंग वाढवणारा काढा’ फॉरवर्ड करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. नुसत्या मनगटी घड्याळावरही भिस्त ठेवू नका. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी नाडी दबलेली असते, त्यामुळे नाडीच्या आकड्यावरून दम किती लागलाय ते नीट कळत नाही. त्यापेक्षा गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ६ ते २० अंकांची श्रममापनपट्टी कामाची. ११ म्हणजे हलका श्रम, बोलता बोलता चालता येईल इतका.

बसल्या जागी धाप लागत असेल, पायांवर सूज नव्याने आली असेल, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. हृदयाची झडप खूप अरुंद असलेल्यांनी तर परवानगीशिवाय सुरूच करू नये. थकवा लोहाच्या कमतरतेनेही येतो, म्हणून शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासायला सांगा.

ब्रिटनमधल्या रीच-एचएफ या घरगुती कार्यक्रमात पेशंटच्या पुस्तिकेबरोबर घरच्यांसाठीही वेगळी पुस्तिका असते. आपल्याकडे तर ती आधी घरच्यांनाच द्यायला हवी, कारण ‘तुम्ही बसा हो, मी आणते’ म्हणणारे तेच असतात. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पाण्याचा पेला आणायला त्यांनी पेशंटला जाऊ द्यायचं आहे, फक्त आज वजन आणि सूज पाहून.