नवं डीआर पॅनल घेण्याआधी हे वाचा

"आमचं पॅनल १४० मायक्रॉनचं आहे. १०० चं घेतलं तर फोटो किती सुधारेल?" कोथरूड असो वा हडपसर, दवाखान्यांतून आम्हाला सर्वांत जास्त हाच प्रश्न येतो. (डीआर पॅनल म्हणजे फिल्मऐवजी एक्स-रे टिपणारी डिजिटल पाटी; १४० किंवा १०० हे तिच्या एका पिक्सेलचं माप. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) "खूपच!" हे उत्तर आमच्या धंद्याच्या सोयीचं आहे. खरं उत्तर मात्र तुमच्याकडे कशाचे एक्स-रे जास्त निघतात आणि कसे काढले जातात, यावर ठरतं.

लगतच्या दोन बारीक गोष्टी सुट्या दिसणं म्हणजे स्पेशियल रिझोल्यूशन. शिशाच्या बारीक पट्ट्यांची चकती ठेवून ते तपासतात. एक पट्टी आणि तिच्या शेजारची फट मिळून एक लाइन पेअर. अशी एक जोडी दाखवायला निदान दोन पिक्सेल लागतात. म्हणून १४० मायक्रॉनच्या पॅनलवर एका मिलिमीटरमध्ये फार तर साडेतीन जोड्या सुट्या दिसतील, १०० वर पाच. मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचे, पिक्सेल सहसा याहून बारीक असतात, कारण तिथे कॅल्शियमचे कण शोधायचे असतात.

कंपनीच्या माहितीत एवढंच छापलेलं असतं. ट्यूबबद्दल कुणी बोलत नाही.

ट्यूबमधून किरण निघतात ती जागा, म्हणजे फोकल स्पॉट, हा बिंदू नसतो. बऱ्याच मशीनवर मोठा फोकस १.२ मिमी आणि छोटा ०.६ मिमी असतो. ट्यूबलाइटखाली भिंतीपासून हात दूर नेला की सावलीची कड विरत जाते; इथेही तेच होतं. मनगट थेट पॅनलवर टेकवलंय, हाड दोनेक सेंमी वर आहे आणि ट्यूब १०० सेंमीवर आहे असं धरा. मोठ्या फोकसवरही कड जेमतेम २५ मायक्रॉन पसरते. इथे मर्यादा पॅनलची. स्कॅफॉइडची (मनगटातल्या एका छोट्या हाडाची) केसासारखी चीर शोधणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी बारीक पिक्सेलचा आग्रह जरूर धरावा. (ती चीर पहिल्या दिवशी कुठल्याच पॅनलवर न दिसण्याचीही शक्यता असते, हे त्यांना आम्ही सांगायला नको.)

आता कमरेच्या मणक्यांचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला फोटो घ्या. पेशंट कुशीवर, मणके टेबलापासून उंच, त्यात बकीच्या ट्रेचं (टेबलाखाली पॅनल ठेवायच्या खणाचं) अंतर. मणके पॅनलपासून २० सेंमीवर धरले, तर मोठ्या फोकसवर कड ३०० मायक्रॉन पसरते, म्हणजे १४० च्या पॅनलचे दोन पिक्सेल. या फोटोत १०० चं पॅनल लावून जवळपास काहीच हाती लागत नाही. छोट्या फोकसवर हीच धूसरता निम्मी होते आणि त्याला एक पैसा लागत नाही. अडचण एकच: छोट्या फोकसला एमए (ट्यूबमधला विद्युतप्रवाह) कमी झेपतो, एक्स्पोजरचा वेळ वाढतो आणि तेवढ्यात पेशंट हलला तर सगळंच मुसळ केरात. छातीच्या फोटोला आणि लहान मुलांना म्हणूनच कमी वेळ जास्त महत्त्वाचा.

आणखी एक. पिक्सेल लहान केला की त्याच्या वाट्याला किरणही कमी येतात आणि फोटो दाणेदार दिसतो. मग टेक्निशियन डोस वाढवतो. छातीतला फिकट डाग शोधताना सूक्ष्म रेषांपेक्षा कॉन्ट्रास्ट जास्त कामाचा असतो, हे लक्षात घेतलं तर हा व्यवहार तोट्याचाच.

फोटो बघता कशावर, तेही पाहा. ३५×४३ सेंमीच्या १४० मायक्रॉनच्या पॅनलचा फोटो सुमारे ७७ लाख पिक्सेलचा असतो. साध्या १३६६×७६८ लॅपटॉपचा पडदा साडेदहा लाखांचा. झूम न करता निदान करणार असाल, तर आधी मॉनिटर बदला.

आमचा माणूस पट्ट्यांची चकती घेऊन येईल आणि दोन्ही फोकसवर चाचणी करून दाखवेल. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानुसार दर दोन वर्षांनी होणाऱ्या क्यूए, म्हणजे मशीनच्या गुणवत्ता तपासणीचा शेवटचा अहवाल काढून ठेवा. फोकल स्पॉटचं माप त्यात सापडेल. सोबत मनगटाचा आणि मणक्याचा एकेक फोटो पेशंटचं नाव काढून डायकॉम फाइल (एक्स-रे मशीनमधली मूळ डिजिटल फाइल) म्हणून द्या. मोबाइलने मॉनिटरचा काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, त्यावरून सल्ला दिला जात नाही.