पेठ, तालीम आणि संघ: कोल्हापुरात फुटबॉलची निष्ठा घरात कशी उतरते

कोल्हापुरात ‘तू कुठल्या पेठेचा?’ या प्रश्नाच्या उत्तरातच फुटबॉलचा संघ येऊन जातो. मंगळवार पेठ म्हटलं की पाटाकडील किंवा बालगोपाल, शिवाजी पेठ म्हटलं की खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ किंवा संध्यामठ, रविवार पेठ म्हटलं की दिलबहार. मुलाने आपला संघ निवडायचा असतो, ही कल्पना इथे फार उशिरा आली, तीही टीव्हीवर युरोपातले सामने दिसू लागल्यावर. त्याआधी संघ आडनावासारखा मिळायचा. हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर फुटबॉलच्या आधी तालमीकडे बघावं लागतं.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा. तांबड्या मातीचा हौद, भिंतीशी मारुती, कोपऱ्यात मुद्गल आणि वजनं, वर पंचमंडळींना बसायला एखादी खोली. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यातून या तालमींना पेठापेठांत बळ आलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोममधला प्राचीन आखाडा पाहिला आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. ते १९१२ मध्ये खुलं झालं. पेठेचा पैलवान खासबागेत उतरला की सगळी पेठ त्याच्यामागे जायची. ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ ही विभागणी, जिंकल्यावर गुलाल, हरल्यावर गल्लीत पसरणारी शांतता, हे सगळं कुस्तीने आधीच घडवून ठेवलं होतं. फुटबॉल आला तो या तयार साच्यात.

पण तालीम नुसती कुस्तीपुरती कधीच नव्हती, आणि निष्ठा टिकण्याचं खरं कारण इथे आहे. पेठेचा गणपती तालीम बसवते, शिवजयंतीची मिरवणूक तालीम काढते, मोहरमला कित्येक तालमींत पंजे बसतात. बाबूजमाल तालमीचा पंजा तर साऱ्या शहराला माहीत आहे. वर्गणी मागायला तीच पोरं येतात, पूर आला की तीच पोरं मदतीला धावतात, मयतीला खांदाही तीच देतात. ज्या संस्थेशी घराचा वर्षभर दहा कारणांनी संबंध येतो, तिचाच संघ मैदानात उतरतो. त्यामुळे संघावरचं प्रेम मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. तालमीच्या कट्ट्यावर खेळणारं पोर संघातच वाढतं.

स्थानिक फुटबॉलला संघटनेचं रूप आलं ते १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातली केएसए, स्थापन झाल्यावर. संस्थानचा काळ होता, छत्रपती घराण्याचा आश्रय होता, आणि आजही संघटनेची धुरा त्याच घराण्याकडे आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबारचा आश्रय संपला तसा कुस्तीचा जुना थाट ओसरू लागला. फुटबॉलला मात्र राजापेक्षा पेठेची वर्गणी पुरेशी होती. एका पैलवानाच्या खुराकाला जे लागतं, त्याच्या मानाने अकरा पोरांना एक चेंडू आणि जर्सी देणं मंडळांच्या आवाक्यात होतं. कुस्ती मागे पडली आणि फुटबॉल पुढे आला, याला मैदानावरच्या आवडीइतकंच हे हिशोबाचं कारणही असावं.

संघांची नावं नीट बघितली तर वारसा कशाचा आहे ते कळतं. उत्तरेश्वर आणि खंडोबा ही देवळांची नावं. पाटाकडीलमध्ये पाण्याचा पाट आहे. संध्यामठ म्हणजे रंकाळा तलावातली दगडी वास्तू. जुना बुधवार ही पेठच, फुलेवाडी हे उपनगर. प्रॅक्टिस क्लबसारखे अपवाद सोडले तर नाव म्हणजे पत्ता. लहान मूल घरचा पत्ता पाठ करतं, तसा संघ पाठ करतं. या नावांत एकाही कंपनीचं नाव नाही, आणि ही गोष्ट पुढे किती मोलाची ठरली ते मुंबई, पुणे आणि गोव्याच्या उदाहरणांवरून दिसतं.

मैदानांनाही असंच जुनं मूळ आहे. शाहू स्टेडियम रावणेश्वर तळ्याच्या जागी उभं राहिलं आणि शिवाजी पेठेतलं गांधी मैदान वरुणतीर्थ तळ्याच्या जागी. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी का साचतं, याचं उत्तर या इतिहासात आहे. तळ्याचा खोलगटपणा मातीने भरून निघाला तरी चहूबाजूंच्या पाण्याची वाट अजून तिकडेच आहे. पोरांचा सराव त्या महिन्यांत बंद पडतो किंवा दुसरीकडे हलतो, आणि ज्या वयात पायाला चेंडूची सवय लागायची, त्यातले तीन-चार महिने दरवर्षी वाया जातात. शाहू स्टेडियमही पावसाळ्यात हिरवळीसाठी विश्रांती घेतं. हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. आधी वरिष्ठ गटाची साखळी, मग एकामागून एक चषक स्पर्धा, आणि हे उन्हाळ्यापर्यंत चालतं.

आता हा वारसा प्रत्यक्षात कसा दिला जातो ते पाहू. दिवसाला बहुधा दोन सामने असतात, पहिला भर दुपारी आणि दुसरा चारच्या सुमारास. मोठ्या चुरशीचा सामना सहसा दुसरा असतो. जाणती मंडळी पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी पहिल्या सामन्याला नेतात, कारण गर्दी विरळ असते, उठून पाणी प्यायला जाता येतं, चेंडू कुठे आहे ते मुलाला दिसतं आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देता येतं. थेट पाटाकडील-खंडोबा किंवा पाटाकडील-दिलबहार अशा सामन्याला नेलं तर मुलाला मैदान दिसतच नाही. पुढच्या लोकांच्या पाठी दिसतात, शिट्ट्या आणि शिव्या ऐकू येतात, आणि ते घाबरून तरी जातं किंवा शिव्या तेवढ्या शिकून येतं. एप्रिल-मे मध्ये सिमेंटच्या पायऱ्या इतक्या तापलेल्या असतात की बसायला जाड पोतं किंवा वर्तमानपत्राची घडी न्यावीच लागते. मुलाला अख्खा सामनाभर बसवण्याचा हट्टही नको. पूर्वार्ध पाहून परत आलेलं मूल पुढच्या वेळी स्वतः मागे लागतं, आणि शेवटपर्यंत रडवून बसवलेलं मूल परत येत नाही.

गॅलरीइतकंच महत्त्वाचं काम चेंडूचं. घरात वडिलांचा पाच नंबरचा चेंडू पडलेला असतो आणि तोच मुलाला दिला जातो. ही फार सरसकट दिसणारी चूक आहे. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. सात वर्षांच्या मुलाच्या पायाला तो जड जातो, मग मूल तोल सावरण्यासाठी मागे झुकून बोटांनी टोलवायला शिकतं, आणि ती सवय पुढे प्रशिक्षकाला मोडावी लागते. आठ वर्षांच्या आत तीन नंबर, बारापर्यंत चार नंबर (३५० ते ३९० ग्रॅम), त्यानंतर पाच नंबर हा क्रम पाळला की पाय आपोआप नीट पडतो. पेठेच्या बोळात खेळताना हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे फरशीवर चेंडू उगाच उसळत नाही आणि शेजाऱ्यांच्या काचाही वाचतात.

वडिलांकडून मुलाकडे, ही वारशाची एकच वाट नाही. कोल्हापुरात मामाची वाट तितकीच रुळलेली आहे. मंगळवार पेठेची मुलगी शिवाजी पेठेत दिली की घरात दोन संघ येतात. सुट्टीला आजोळी गेलेल्या भाच्याला मामा खांद्यावर बसवून आपल्या संघाच्या बाजूला नेतो आणि घरी आल्यावर आजोबा त्याला ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतात. अशा घरांतली मुलं दोन्ही बाजूंना ओळखतात, आणि त्याचा फायदा असा की पलीकडच्या गॅलरीतला माणूस त्यांना शत्रू वाटत नाही, नात्यातला वाटतो. पेठांमधली धग कमी ठेवण्यात या सोयरिकींचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

मुलींच्या बाबतीत मात्र जुनी व्यवस्था अपुरी पडली. तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा. आखाड्यात बाईचं पाऊल पडत नसे, त्यामुळे कट्टा, बैठक, सराव या तिन्ही ठिकाणी मुलीला आपसूक प्रवेश नव्हता. तिच्यापर्यंत फुटबॉल पोहोचला तो शाळेच्या मैदानावरून. भाऊ पेठेच्या जर्सीत आणि बहीण शाळेच्या जर्सीत, असं चित्र त्यामुळे दिसतं. ज्या मंडळांना पुढची पिढी हवी आहे, त्यांनी मुलींचा संघ आपल्या नावाने उतरवायला हवा. नाहीतर निम्म्या घराचा वारसा शाळा संपली की संपतो.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. पहिली गोष्ट खुन्नस. प्रेमाबरोबर वैरही वारशात जातं. सामना हरल्यावर गॅलरीतून बाटल्या आणि दगड पडणं, मैदानाबाहेर दोन पेठांची पोरं भिडणं, पोलिसांत गुन्हे दाखल होणं, त्यापायी स्पर्धा थांबणं, हे कोल्हापूरने अनेकदा भोगलं आहे. गुन्हा नोंद झालेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला पोलीस भरतीच्या वेळी किंवा पासपोर्ट काढताना चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो, हे गल्लीतल्या मोठ्यांनी आधी सांगायला हवं आणि बहुतेक वेळा ते सांगितलं जात नाही. बारा वर्षांचं मूल जे बोलतं ते घरातल्या जेवणाच्या ताटावर ऐकलेलं असतं. त्याला आपल्या संघाच्या गोलाची गोष्ट सांगावी, समोरच्यांच्या अपमानाची नको.

दुसरी गोष्ट बाहेरचे खेळाडू. चषकांची बक्षिसं वाढली तशी गोवा, मुंबई, पुणे, बंगाल, केरळ इथले आणि नायजेरियासारख्या देशांतले खेळाडू संघांत दिसू लागले. खेळाचा दर्जा त्यांच्यामुळे वाढला, यात शंका नाही. पण मुलाला संघाशी बांधणारा सगळ्यात पक्का धागा म्हणजे काल गल्लीत दूध आणताना दिसलेला दादा आज मैदानात गोल मारतो, हा. अकरांत असे दादा चार उरले तर धागा सैल होतो. बाहेरच्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे नियम केएसएने वेळोवेळी केले, त्यामागचा हेतू रास्त आहे. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा पेठांतल्या लहान मुलांच्या सरावाला जो उत्साह आला तो कुठल्याही परदेशी खेळाडूने आणला नव्हता.

तिसरी गोष्ट घरांची. पेठेतला वाडा वाटण्यांत विकला जातो, एक भाऊ कळंब्याला, दुसरा आर. के. नगरला, तिसरा नोकरीला पुण्याला. मुलाला तालमीचा कट्टा दिसेनासा होतो आणि संघ हा बाबांच्या बोलण्यातला विषय बनतो. मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण ही उणीव थोडी भरून काढतं, पण निम्मीच. जी कुटुंबं हे टिकवून आहेत, त्यांची रीत साधी आहे: वर्गणी जुन्या पेठेतच द्यायची, गणपतीच्या मिरवणुकीला मुलांना घेऊन तिथेच यायचं, आणि हंगामात किमान दोन-तीन सामने गॅलरीत बसून पाहायचे. विश्वचषकाच्या दिवसांत याच पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि भले मोठे फलक लागतात. ते बघायला म्हणून मुलाला आणलं तरी चालतं, कारण फलकाखाली उभी असलेली मंडळी तालमीचीच असतात.

इतरत्र काय झालं ते पाहिलं की तालमीची किंमत कळते. मुंबईत महिंद्र युनायटेडचा संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुण्यात एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये मालकी हक्क हैदराबादला गेला. पाच वर्षांत नारिंगी जर्सी घेतलेल्या मुलांना पुढे ओरडायला संघच राहिला नाही. गोव्यात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघे संघ २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या मैदानांवरचा खेळ मात्र थांबला नाही. कोलकात्यात मोहन बागान १८८९ पासून आणि ईस्ट बंगाल १९२० पासून आहे. ईस्ट बंगालवरची निष्ठा फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांच्या आठवणींत मुरली, म्हणून टिकली. कोल्हापुरात ती वर्गणीच्या वहीत टिकली आहे. त्या वहीत आजोबांचं नाव खोडून वडिलांचं येतं, आणि मुलगा कमावता झाला की पुढच्या गणपतीला पावती त्याच्या नावाने फाडली जाते.