परराष्ट्रमंत्री आणि सुरक्षा सल्लागार: अमेरिकेत बघायचं कोणाकडे?

१० मे २०२५, शनिवार. संध्याकाळी टीव्हीवर भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी सुरू होती आणि खाली पट्टी फिरत होती: 'अमेरिकेचे परराष्ट्र सचिव रुबियो यांचं निवेदन'. दुसऱ्या वाहिनीवर हेच रुबियो 'परराष्ट्रमंत्री' झाले होते आणि तिसऱ्यावर 'राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार'. काकांनी रिमोट बाजूला ठेवला आणि विचारलं, "अरे, हा एकच माणूस आहे की तिघं?"

माणूस एकच. तीन पट्ट्यांपैकी दोन बरोबर होत्या आणि एक चूक. चुकीची आधी निकालात काढू.

अमेरिकेत 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे परराष्ट्रमंत्री. तिथे मंत्र्यालाच सेक्रेटरी म्हणतात, म्हणून घाईत 'सचिव' लिहिलं जातं आणि घोटाळा होतो. आपल्याकडे परराष्ट्र सचिव म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेतला अधिकारी, परीक्षा देऊन आलेला, मंत्र्याच्या हाताखालचा. खरं तर मराठीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवला होता. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ला आपण 'भारतमंत्री' म्हणत होतो. शाळेच्या इतिहासात 'भारतमंत्री माँटेग्यू' असंच वाचलं. तेव्हा सुचलेला शब्द आता का सुचू नये, कोण जाणे.

खरा गोंधळ उरलेल्या दोन पट्ट्यांमध्ये आहे. परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. नवं सरकार आलं की दोन्ही नावं अनेकदा एकाच आठवड्यात जाहीर होतात, दोघंही अध्यक्षांच्या शेजारी फोटोत दिसतात, दोघंही परदेशी पाहुण्यांना भेटतात. काम मात्र एक नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अधिकार येतो तिथली विहीर एक नाही.

परराष्ट्रमंत्र्याचं पद १७८९चं. पहिले मंत्री थॉमस जेफरसन. त्याच्या हाताखाली अख्खं खातं, जगभरचे दूतावास आणि हजारो कर्मचारी असतात. अध्यक्षांनी नाव सुचवायचं, सिनेटच्या परराष्ट्र समितीने उलटतपासणी घ्यायची, मग सिनेटने मतदान करायचं. अध्यक्षांना काही झालं तर गादीवर कोण, या यादीत तो चौथा. अमेरिकेची राजमुद्राही त्याच्याच खात्याच्या ताब्यात. अध्यक्षांना राजीनामा द्यायचा असेल तर कायद्याप्रमाणे तो परराष्ट्रमंत्र्याच्या कार्यालयाकडे द्यावा लागतो. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांनी दिला, तो एका ओळीचा. त्या कागदावर हेन्री किसिंजर यांनी ११.३५ ही वेळ टाकून आपली आद्याक्षरं केली. तेव्हा किसिंजर एकाच वेळी परराष्ट्रमंत्रीही होते आणि सुरक्षा सल्लागारही, पण पत्र आलं ते मंत्र्याच्या नावे. सल्लागाराला असं पत्र पाठवायची कायद्यात सोयच नाही.

कारण सल्लागाराचं पद कायद्याने निर्माण केलेलंच नाही. १९४७च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि तिला एक कार्यकारी सचिव मिळाला. सल्लागार हे पद आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये आपल्या सोयीसाठी निर्माण केलं आणि रॉबर्ट कटलर यांना त्यावर बसवलं. सिनेट विचारत नाही, मतदान होत नाही. अध्यक्षांनी आज नेमला, उद्या काढला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मायकेल फ्लिन यांनी तीन-साडेतीन आठवड्यांतच ही खुर्ची सोडली होती. सल्लागाराच्या हाताखाली खातं नाही, दूतावास नाहीत. त्याच्याकडे असते ती व्हाइट हाऊसच्या पश्चिम भागातली एक खोली, अध्यक्षांच्या दालनापासून काही पावलांवर. परराष्ट्र खात्याची इमारत तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पण राजकारणात ही दहा मिनिटं फार लांब पडतात.

शिवशाहीचा दाखला द्यायचा मोह होतो. परराज्यांशी व्यवहार पाहणारा सुमंत अष्टप्रधानांत होता. बाळाजी आवजी चिटणीस अष्टप्रधानांत नव्हते, पण महाराजांची पत्रं त्यांच्या लेखणीतून उतरत. चिटणीस काही सल्लागार नव्हते, तेव्हा तुलना ताणू नये. मानाची जागा एकाकडे आणि जवळीक दुसऱ्याकडे, एवढंच तिच्यातून घ्यावं.

या अंतराने काय होऊ शकतं ते आपण १९७१ मध्ये भोगलं आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

एप्रिल १९७१. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनला तार पाठवली. पाकिस्तानी लष्कर पूर्व बंगालमध्ये जे करत आहे त्यावर आपलं सरकार गप्प का, असा तिचा रोख होता. ही तार गेली परराष्ट्र खात्याच्या रस्त्याने, आणि खात्यातल्या दक्षिण आशिया जाणणाऱ्या काही अधिकाऱ्यांनी तिला पाठिंबाही दिला. वर काहीच हललं नाही. ब्लड यांची मात्र ढाक्याहून उचलबांगडी झाली.

का हललं नाही, हे त्या अधिकाऱ्यांना कळायला मार्गच नव्हता. सल्लागार किसिंजर यांनी चीनशी गुपचूप बोलणी सुरू केली होती आणि निरोपाची ने-आण पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान करत होते. परराष्ट्र खात्याला त्याचा वास लागू दिला नव्हता. जुलैमध्ये किसिंजर दिल्लीत आले, इथल्या लोकांना भेटले, मग इस्लामाबादला गेले. तिथे पोट बिघडल्याचं सोंग केलं. पत्रकारांना वाटलं साहेब थंड हवेच्या ठिकाणी विश्रांती घेत आहेत. साहेब ९ जुलैला पहाटे विमानाने बीजिंगला निघाले होते. परराष्ट्रमंत्री होते विल्यम रॉजर्स, आणि त्यांना हे सांगितलं गेलं अगदी ऐन वेळी. ज्याचं हे खातं, त्यालाच शेवटी.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १५ जुलैला निक्सन यांनी चीनभेट जाहीर केली. ९ ऑगस्टला दिल्लीत भारत-सोव्हिएत करारावर सह्या झाल्या. डिसेंबरमध्ये अमेरिकेची 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. त्या वर्षी कोणी फक्त परराष्ट्र खात्याच्या पत्रकांवरून अमेरिकेचा अंदाज बांधला असता, तर तो साफ फसला असता.

उलट बाजूही आहे. कार्टर यांच्या काळात मंत्री सायरस व्हान्स आणि सल्लागार झ्बिग्नीएव्ह ब्रेझिन्स्की यांचं कधी जमलं नाही. १९८०च्या एप्रिलमध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेसाठी लष्करी मोहीम आखण्याचा निर्णय झाला तेव्हा व्हान्स सुट्टीवर होते. परतल्यावर त्यांनी विरोध केला, ऐकलं गेलं नाही, त्यांनी राजीनामा दिला. मोहीम वाळवंटातच फसली. मंत्र्याच्या राजीनाम्याने जगाला निदान कळतं की घरात मतभेद आहेत. सल्लागार गेला तर बहुतेक वेळा 'अमक्याच्या जागी तमका' एवढीच बातमी.

सिनेट विचारत नाही, या फटीचा उपयोग अध्यक्ष बेलाशक करतात. २०१२ मध्ये ओबामा यांच्या मनात परराष्ट्रमंत्री म्हणून सुझन राइस यांचं नाव होतं. लिबियातल्या बेनगाझीत अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्यावरून रिपब्लिकन सिनेटरांनी रान उठवलं आणि राइस यांनी नाव मागे घेतलं. २०१३ मध्ये त्या सुरक्षा सल्लागार झाल्या. एका मतालाही सामोरं न जाता त्या अध्यक्षांच्या अधिक जवळ जाऊन बसल्या. सिनेटरांनी त्यांना समोरच्या दारात अडवलं आणि त्या बाजूच्या दाराने आत आल्या.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता. "आपल्याकडे डोवाल आणि जयशंकर, तसंच ना हे?"

बरंचसं. आपल्याकडे हे पद नोव्हेंबर १९९८ मध्ये, पोखरणनंतर सहा महिन्यांनी आलं. पहिले ब्रजेश मिश्रा. डोवाल २०१४ पासून आहेत आणि २०१९ पासून त्यांना कॅबिनेट दर्जा आहे, पण ते मंत्री नाहीत. संसदेत उभं राहून उत्तर देतात ते जयशंकर. फरक इतकाच की आपल्याकडे दोघांपैकी कोणाच्याही नावावर सभागृहाचं मतदान होत नाही, म्हणून ती फट इथे ठळक दिसत नाही.

मात्र भारत-अमेरिका व्यवहारातलं काय कोणत्या नळातून वाहतं, हे पाहण्यासारखं आहे. दोन अधिक दोन बैठका मंत्र्यांच्या: परराष्ट्र आणि संरक्षण. चिप, जेट इंजिन, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा नाजूक तंत्रज्ञानाची 'आयसेट' ही चौकट मात्र दोन सल्लागारांनी चालवली, जेक सलिवन आणि डोवाल यांनी. ६ जानेवारी २०२५ ला, बायडन सरकारचे दोन आठवडे उरलेले असताना, सलिवन दिल्लीत येऊन सांगून गेले की भारतीय अणुसंस्थांवरचे निर्बंध उठवणार. १५ जानेवारीला ज्या तीन संस्था त्या यादीतून निघाल्या, त्यांत आपल्या तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र होतं. पाच दिवसांनी सरकार बदललं. फेब्रुवारीत मोदी वॉशिंग्टनला गेले तेव्हा 'आयसेट'च्या जागी 'ट्रस्ट' असं नवं नाव आलं. व्यक्तीच्या भरवशावरचा नळ म्हणजे असा. पाणी जोरात येतं, पण माणूस गेला की नव्याने जोडणी.

खात्याचं काम याच्या नेमकं उलट, संथ पण सर्वदूर. वांद्र्याच्या बीकेसीत काचेपलीकडे बसून तुमच्या मुलीचा विद्यार्थी व्हिसा मंजूर-नामंजूर करणारा अधिकारी परराष्ट्र खात्याचा असतो. २०२५च्या मे अखेरीस रुबियो यांच्या सहीने जगभरच्या दूतावासांना निरोप गेला की विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणं तूर्त थांबवा. ऑगस्टच्या प्रवेशासाठी पैसे भरून बसलेल्या घरांत तेव्हा काय अवस्था झाली, ते पुण्या-मुंबईत वेगळं सांगायला नको. जूनमध्ये तारखा पुन्हा सुरू झाल्या, सोबत समाजमाध्यमांची खाती उघडी ठेवायची अट घेऊन. हे सल्लागाराला स्वतःच्या सहीने करता येत नाही. त्याच्या सहीवर एक साधा व्हिसासुद्धा निघत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी माइक वॉल्ट्झ यांना सल्लागार आणि रुबियो यांना मंत्री म्हणून जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. वॉल्ट्झ प्रतिनिधिगृहातल्या 'इंडिया कॉकस' या भारतस्नेही सदस्यांच्या गटाचे सहअध्यक्ष, आणि रुबियो यांनी जुलैमध्येच सिनेटमध्ये भारताशी संरक्षण सहकार्याचं विधेयक मांडलेलं. दोन्ही खुर्च्यांवर मित्र! २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. नेमणुकांच्या यादीत 'भारताचा मित्र' शोधायचा खेळ मला तेव्हापासून पोरकट वाटतो. मित्र कोण यापेक्षा अध्यक्षांना 'थांबा' म्हणण्याइतकं वजन कोणाच्या खुर्चीला आहे, ते पाहिलेलं बरं.

आणि आता खुर्च्याच दोन राहिल्या नाहीत. २०२५च्या मार्चमध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा 'सिग्नल' या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटात झाली आणि त्या गटात चुकून एक संपादक ओढले गेले. १ मे रोजी ट्रम्प यांनी वॉल्ट्झ यांना हलवून संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदासाठी त्यांचं नाव पुढे केलं आणि सल्लागारपद हंगामी म्हणून रुबियो यांच्याकडेच दिलं. किसिंजर यांच्याकडे १९७३ ते १९७५ ही दोन्ही पदं होती, त्यानंतर असं पहिल्यांदाच. तीन आठवड्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतल्या डझनावारी लोकांना घरी पाठवलं गेलं. जुलैमध्ये परराष्ट्र खात्यातल्या १,३०० हून अधिक जणांना.

दोन खुर्च्यांवर एकच माणूस बसला की रॉजर्स-किसिंजर किंवा व्हान्स-ब्रेझिन्स्की अशी भांडणं होत नाहीत, हे खरं. पण सल्लागाराचं मूळ काम असतं ते परराष्ट्र, संरक्षण, गुप्तचर अशा सगळ्यांची मतं समतोलपणे अध्यक्षांपुढे मांडणं. त्यांतलं एक मत स्वतःचंच असेल तर तराजू धरणाराच पारड्यात बसला, असं होतं.

वॉल्ट्झ यांची गोष्ट त्याहून मजेची. सल्लागार म्हणून नेमताना सिनेटने त्यांना काही विचारलं नव्हतं. राजदूतपद हे तसं खालचं, पण त्याला सिनेटची संमती लागते. म्हणून जुलैमध्ये ते समितीपुढे बसले आणि सिग्नलवरून प्रश्न झाले ते तिथे. १९ सप्टेंबरला ४७ विरुद्ध ४३ मतांनी ते पार पडले. रुबियो यांना जानेवारीत मंत्री म्हणून ९९ विरुद्ध ० मतं मिळाली होती. त्यांच्या दुसऱ्या पदावर मत पडलंच नाही.

हे सगळं ऐकून काका पुन्हा त्या शनिवारवर आले. रुबियो यांच्या निवेदनात आपण जयशंकर यांच्याशीही बोललो आणि डोवाल यांच्याशीही, असं होतं. शस्त्रसंधी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये थेट ठरली, हे भारताचं म्हणणं वेगळं. "पण मग डोवालांना फोन केला तो मंत्र्याने की सल्लागाराने?"

मी मोबाइलवर ते निवेदन पुन्हा काढलं. ते परराष्ट्र खात्याने काढलेलं होतं आणि नावाखाली हुद्दा एकच छापला होता: परराष्ट्रमंत्री.