गुलामगिरी निर्मूलन दिन (मॉरिशस)

हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्रात १ फेब्रुवारी रोजी असणारी सार्वजनिक सुटी. ब्रिटिश संसदेचा गुलामगिरी निर्मूलन कायदा १८३५ साली या दिवशी बेटावर लागू झाला. कायदा ऑगस्ट १८३३ मध्येच संमत झाला होता. कॅरिबियन वसाहतींत तो १ ऑगस्ट १८३४ पासून आणि दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत १ डिसेंबर १८३४ पासून अमलात आला. मॉरिशसची पाळी त्यानंतरची. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन व सेंट हेलेना यांना तो लागू नव्हता. कंपनीच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३च्या पाचव्या कायद्याने गेली.

बेटावर गुलाम आणले ते प्रथम डचांनी. त्यांची वसाहत १६३८ ची. १६९५ मध्ये डच किल्ल्याला आग लावल्याबद्दल ज्यांना शिक्षा झाली, त्यांत बंगालमधून आणलेली आना नावाची स्त्री होती. त्यामुळे मॉरिशसच्या गुलामगिरीचा विचार केवळ आफ्रिकेच्या संदर्भात करणे अपुरे ठरते. मात्र संख्येने मादागास्कर व मोझांबिककडून आणलेले लोकच अधिक होते. फ्रेंच अमलात (१७१५–१८१०) मळे वाढले आणि १७२३ च्या राजाज्ञेने गुलामांविषयीची फ्रेंच संहिता, म्हणजे ‘कोद न्वार’, तेथे लागू झाली. पळून जाणाऱ्याला पहिल्या खेपेस कान कापून डागणे, दुसऱ्या खेपेस पायाची शीर तोडणे आणि तिसऱ्या खेपेस देहान्त, अशा शिक्षा तिच्यात होत्या. १७९७ च्या सुमारास बेटावरील अंदाजे ५९ हजार वस्तीपैकी ४९ हजार गुलाम होते.

निर्मूलनाचा पहिला हुकूम ब्रिटिशांचा नव्हे. पॅरिसच्या क्रांतिकारी सभेने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. तो ठराव घेऊन १७९६ मध्ये बाको व बुर्नेल हे प्रतिनिधी बेटावर उतरले, तेव्हा मळेवाल्यांनी त्यांना परत जहाजावर चढवले. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींनुसार जुने कायदे व मालमत्तेचे हक्क कायम राहिले, आणि गुलाम हीही मालमत्ताच मानली जात होती. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांच्या व्यापारावर १८०७ पासून बंदी असूनही त्यांची चोरटी आवक बरीच वर्षे चालू राहिली. १८३२ मध्ये निर्मूलनवादी जॉन जेरेमी सरकारी वकील म्हणून आला, तेव्हा मळेवाल्यांनी व्यवहार बंद पाडून त्याला माघारी जायला लावले. या विरोधाचा पुढारी आद्रियां देपिने याने लंडनला जाऊन मालकांच्या भरपाईची बाजू मांडली. त्याचा पुतळा राजधानी पोर्ट लुईच्या कंपनी बागेत आहे.

साम्राज्यभरच्या मालकांसाठी मंजूर झालेल्या दोन कोटी पौंडांपैकी वीस लाखांहून अधिक मॉरिशसच्या वाट्याला आले. मुक्त झालेल्या सुमारे ६६ हजार माणसांना काहीही मिळाले नाही. किंबहुना त्या दिवशी ती पुरती मुक्तही झाली नाहीत. सहा वर्षांखालील मुले वगळता बाकीच्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्या मालकाकडेच राबावे लागले. मळ्यावरील माणसाने आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनमजुरी काम करायचे होते. ही पद्धत १८३९ मध्ये बंद झाली. त्यामुळे खऱ्या मुक्तीचे वर्ष १८३९ धरावे असे काही अभ्यासक मानतात, आणि राबणाऱ्यांच्या बाजूने पाहिल्यास त्यांचे म्हणणे डावलता येत नाही. सुटी मात्र कायद्याच्या तारखेलाच आहे.

या तारखेला लोकस्मृतीत जे वजन आहे, ते नैर्ऋत्य टोकावरील ल मोर्न ब्राबां या ५५६ मी. उंचीच्या डोंगरामुळे. मळ्यांवरून पळालेले ‘मारों’ त्याच्या दुर्गम कड्यांत आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी शिपायांची तुकडी मुक्तीची वार्ता सांगायला डोंगराकडे निघाली. आपल्याला पकडायला आले आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समकालीन सरकारी कागदांत तिला आधार सापडत नाही. डोंगरावर फरार गुलाम राहत होते, हे मात्र अठराव्या शतकापासूनच्या नोंदींवरून व मौखिक परंपरेवरून निश्चित दिसते. वरच्या अंगाच्या गुहेत मानवी वावराच्या खुणाही मिळाल्या आहेत. पायथ्याच्या जुन्या दफनभूमीतील काही सांगाड्यांच्या जनुकीय तपासणीत पूर्व आफ्रिका व मादागास्करशी नाते आढळले, पण त्या उत्खननाने उड्यांची कथा सिद्ध होत नाही व खोटीही ठरत नाही. कथा जशीच्या तशी त्या एका दिवसाची मानणारा एक पक्ष आहे. अनेक दशकांच्या पाठलागांची व मृत्यूंची आठवण कायद्याच्या तारखेभोवती गोळा झाली असावी, असे दुसरा पक्ष म्हणतो. तो अधिक ग्राह्य वाटतो, आणि त्याने परंपरेचे मोल कमी होत नाही. ज्यांना लिहिण्याची मुभाच नव्हती, त्यांचा इतिहास फक्त मालकांच्या दप्तरांतून कसा मिळणार? युनेस्कोने २००८ मध्ये ल मोर्नला जागतिक वारसा यादीत घेतले, ते मुख्यतः मौखिक परंपरेतील या स्थानामुळे.

दिवस सार्वजनिक सुटी झाला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी. त्याआधीच्या दशकात गुलामांच्या वंशजांची, म्हणजे क्रिऑल समाजाची, उपेक्षा उघड चर्चेत आली होती. १९९३ मध्ये कॅथलिक धर्मगुरू रोजे सर्वो यांनी तिला ‘क्रिऑल अस्वस्थता’ म्हटले, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये गायक काया यांच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर बेटावर दंगली उसळल्या. याच सुमारास २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवसही सुटीचा झाला. १८३४ मध्ये त्या दिवशी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला पोहोचले होते. मुक्त माणसे मळे सोडतील म्हणून आणलेल्या या मजुरांच्या ओघात पुढे मुंबई बंदरातून मराठी भाषकही गेले. त्यांच्या वंशजांचा समाज आज तेथे आहे आणि गणेश चतुर्थीला तेथे सुटी असते. दोन्ही दिवसांचा इतिहास एकमेकांशिवाय नीट कळत नाही.

१ फेब्रुवारीचा मुख्य शासकीय कार्यक्रम ल मोर्नच्या पायथ्याशी, २००९ साली उभारलेल्या गुलाममार्ग स्मारकापाशी होतो. तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलेक्स बोरेन यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व न्याय आयोग काम करू लागला. गुलामगिरी व करारबद्ध मजुरीचे परिणाम तपासणे आणि बळकावलेल्या जमिनींच्या तक्रारी ऐकणे ही त्याची कामे होती. आयोगाचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला. गुलामगिरीच्या संग्रहालयाची त्यातील शिफारस पोर्ट लुईच्या जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत प्रत्यक्षात आली.

शेजारच्या रेयुनियों या फ्रेंच बेटावर मुक्तिदिन २० डिसेंबरला असतो. १८४८ मध्ये त्या दिवशी आयुक्त सार्दा गारिगा याने तेथे मुक्तीची घोषणा केली होती.