पार्श्वभूमी : पाळकांचा आखाती दौरा आणि शुक्रवारचा वाद

गोव्यात वास्कोतल्या एका मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू, बायबलच्या अभ्यासाचे वर्ग घ्यायला कुवेत आणि दुबईला निघाले आहेत. हे कळल्यापासून दोन प्रश्न विचारले जात आहेत. मुस्लिम देशात बायबल शिकवू देतात का? आणि कुवेतमधले वर्ग शुक्रवारी कशाला? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्यावरून मात्र मंडळीतल्या वडीलधाऱ्यांतच जुंपली आहे.

आखातातला ख्रिस्ती समाज तसा प्राचीन. आजच्या सौदी किनाऱ्याजवळच्या दारिन बेटावर 676 मध्ये धर्मसभा भरली होती, आणि अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर जुन्या मठाचे अवशेष 1992 मध्ये सापडले. पण ती परंपरा पुढे तुटली, आजच्या मंडळ्यांशी तिचं नातं लावता येत नाही. आजची गोष्ट सुरू होते 1890 च्या दशकात, बसरा आणि बहरीनला उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून. त्यांच्या हातून धर्मांतरं जेमतेमच झाली, पण त्यांनी दवाखाने चालवले आणि राजघराण्यांचा विश्वास कमावला. पुढे चर्चना जागा मिळाल्या त्यात या पुण्याईचा वाटा मोठा.

गोमंतकीय तिथे पोचले ते बोटींवरून. मुंबई-बसरा मार्गावर खानसामे आणि स्टुअर्ड म्हणून राबणाऱ्या तार्वटींना (गोव्याच्या खलाशांना) ही बंदरं पाठ होती. 1946 मध्ये कुवेतमधून तेलाची निर्यात सुरू झाली आणि कारकून, टंकलेखक, परिचारिका, स्वयंपाकी अशा सगळ्यांना मागणी आली. ही पहिली पिढी बहुतेक कॅथलिक. गोव्यात प्रॉटेस्टंटांचं अस्तित्व 1961 पूर्वी नगण्य होतं. गोवामुक्तीनंतर मुरगाव बंदर आणि खाणींच्या कामावर महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं आली, त्यांच्यातून या मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांचीच मुलं पुढे आखातात गेली. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्यात चारातला एक माणूस ख्रिस्ती आहे. त्यामुळे परवानगी काढून उपासना करायची, ही कल्पना इथल्यांना पटकन पचत नाही.

तर, पहिला प्रश्न. मुसलमानांमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायला कुवेत आणि संयुक्त अरब अमिरातींत (दुबई त्यातच येते) मनाई आहे. मान्यता असलेल्या चर्चच्या आवारात ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसांना शिकवायला मात्र आडकाठी नाही. अमिरातींनी बिगर-मुस्लिम उपासनास्थळांसाठी 2023 मध्ये स्वतंत्र कायदाच केला आणि परवाना सक्तीचा केला. कुवेतमध्ये मान्यताप्राप्त चर्च मोजकीच आहेत. बाकीच्या मंडळ्या त्यांच्याच आवारात तास मागून घेतात. एक मंडळी शेवटचं गीत म्हणत असते तेव्हा दुसरी पेटी-तबला घेऊन दाराशी उभी असते, आणि सभागृहाचं वेळापत्रक वाचायला गेलं तर मल्याळम, तमिळ, तेलुगू, उर्दू, टागालोग अशी भाषांची रांग दिसते. पाळक जाताहेत ते अशा आवारात. या दौऱ्याला ‘मिशन’ (धर्मप्रचार) हा शब्द इथल्या काही वर्तमानपत्रांनी उगाच चिकटवला.

आता शुक्रवार. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, म्हणून आखातातल्या चर्चनी मुख्य उपासना त्या दिवशी ठेवली. यात धर्मशास्त्र काही नव्हतं, रविवारी माणसं कामावर असायची एवढंच. अमिरातींनी 2006 मध्ये आणि कुवेतने 2007 मध्ये गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवार केली, तरी शुक्रवार टिकला. खरा पेच पडला 1 जानेवारी 2022 ला. अमिरातींनी सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी दिली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा केला. शाळा आणि अनेक कंपन्या मागोमाग गेल्या. त्यांच्यातल्याच शारजाने तर शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी दिली. चर्चनी मुख्य उपासना रविवारी हलवायला सुरुवात केली आणि गोव्यातल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार, परत मिळाला! मग पाळकांनी कुवेतमध्ये तरी शुक्रवारचे वर्ग का घ्यावेत, असा त्यांचा आग्रह.

या आग्रहात दोन गोष्टी निसटतात. एक, कुवेतची शुक्रवारची सुट्टी अजून तशीच आहे, रविवारी तिथे वर्गात येणार कोण? दुसरी अधिक महत्त्वाची. अमिरातींच्या 1980 च्या कामगार कायद्यात शुक्रवार हाच विश्रांतीचा दिवस ठरलेला होता. फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने आठवड्यातली सुट्टी करारावर सोडली. बँकेतल्या कारकुनाला रविवार मिळाला, पण दुकानातल्या विक्रेत्याला किंवा हॉटेलातल्या वेटरला मिळेलच असं नाही. पूर्वी साहेब आणि वेटर एकाच बाकावर बसत, कारण सुट्टी एकच होती. रविवारवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते सुट्टी मिळणाऱ्यांचं म्हणणं आहे. दुबईतल्या काही मंडळ्यांनी म्हणूनच दोन्ही दिवस उपासना ठेवली. मनुष्यबळ दुप्पट लागतं, पाळक एकच असतो, सभागृहाचे तास वाढवून मागावे लागतात. सोय मात्र सगळ्यांची होते.

दौऱ्याचं वेळापत्रक याच हिशेबाने आखलं आहे. कुवेतमध्ये वर्ग शुक्रवारी, दुबईत शुक्रवारी संध्याकाळी आणि पुन्हा रविवारी, तोच धडा दोनदा. सौदी अरेबियात राहणाऱ्या गोमंतकीयांनीही विचारणा केली होती, पण तिथे एकही चर्च नाही, त्यामुळे तो देश यादीत घेतलेला नाही.