फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि सरावाचा प्रोजेक्ट

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला ‘प्रोजेक्ट काय केलायस?’ असं विचारलं की तो फायनल इयरच्या प्रोजेक्टचं नाव सांगतो. स्टॉक मॅनेजमेंट सिस्टीम, चौघांचा ग्रुप, रिपोर्टवर सोनेरी अक्षरं. नोकरीच्या मुलाखतीत विचारणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा दुसरा प्रोजेक्ट असतो: सरावाचा, म्हणजे कुणीतरी रोज खरोखर वापरेल असा. कोड दोन्हीकडे, डेटाबेस दोन्हीकडे, लॉगिनचं पान तर हमखास. त्यामुळे गल्लत होते.

कॉलेजचा प्रोजेक्ट एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, एकदा चालला की संपला. डेमोच्या वेळी कुठलं बटण दाबायचं नाही, हे अख्ख्या ग्रुपला पाठ असतं. (रेडीमेड विकत आणणाऱ्यांचं तर सोडाच.) तरी सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा) लिहिणं, आकृत्या काढणं, चार माणसांपुढे उभं राहून बोलणं त्यातूनच येतं, ते कमी नाही. सरावाच्या प्रोजेक्टचं खरं काम तो चालायला लागल्यावर सुरू होतं.

समजा, तोच स्टॉकचा प्रोजेक्ट चादरी-टॉवेलच्या एखाद्या दुकानात रोजच्या वापराला दिला. पहिल्याच दिवशी कळतं की माल डझनानं येतो आणि नगानं विकला जातो. हे एक वेळ सुटेल. खरी परीक्षा जीएसटीची. चादरीसारख्या तयार कापडी वस्तूंवर नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २५०० झाली आणि त्यापुढच्या मालावर १८ टक्के लागू झाले. कोडमध्ये ठिकठिकाणी १००० आणि १२ लिहून ठेवलेलं असेल तर आधी ते सगळं हुडकत बसा. बदलून झालं, नवी बिलं बरोबर यायला लागली, म्हणून निवांत व्हावं, तर दुकानदार ऑगस्टचं जुनं बिल उघडतो. दीड हजाराच्या चादरीवर १२ टक्के घेतलेले असतात, स्क्रीनवर ५ दिसतात, कारण प्रोग्रॅम जुनं बिलही नव्या दराने मोजतो. मग डोक्यात प्रकाश पडतो: दर वेगळ्या टेबलात, कधीपासून लागू त्या तारखेसकट ठेवायचे, आणि बिल करताना लावलेला दर त्या बिलातच साठवायचा. सोबत दोन टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतंय का ते आपोआप तपासणारे छोटे कोड, लिहायच्या: ऑगस्टच्या बिलाला १२ आणि ऑक्टोबरच्या बिलाला ५. टेस्टिंगची व्याख्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) घडाघडा म्हणणाऱ्याला ती कशासाठी असते, हे इथे समजतं.

दुसरं दुखणं नावांचं. ‘गोऱ्हे’ नावाचं गिऱ्हाईक यादीत डोळ्यांना दिसतं, पण सर्चमध्ये सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या सांकेतिक क्रमांकांनी साठवतो त्या पद्धतीत, हा ‘ऱ’ एका चिन्हानं लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. दिसायला सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी मजकूर एकाच रूपात आणला की प्रश्न मिटतो. डेमोसाठी ‘अ, ब, क’ नावाची गिऱ्हाइकं भरणाऱ्याच्या वाट्याला हे कधी येणारच नाही.

गड्ड्याच्या जत्रेत गर्दी झाली, दोन काउंटरवरून शेवटची चादर एकाच क्षणी विकली गेली आणि शिल्लक उणे एक झाली, की ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकाच वेळचे दोन व्यवहार एकमेकांत मिसळू न देण्याचा, धडाही आपोआप होतो.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटचंही तसंच. कॉलेजात पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘फायनल नक्की’ अशा फोल्डरांवर भागतं. दुकानदार ‘परवापर्यंत बरोबर चालत होतं की ओ’ म्हणाला, की परवापासून नेमकं काय बदललं ते कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या त्या नोंदींत, बघावं लागतं.

म्हणून फायनल इयरचा प्रोजेक्ट टाकून देऊ नका. तोच घेऊन ओळखीच्या दुकानात जा, वापरणारा एकच माणूस पुरे. मात्र त्याची कागदी वही लगेच बंद करायला लावू नका. पहिले काही आठवडे रोज रात्री वहीतली बेरीज आणि स्क्रीनवरची बेरीज जुळवून बघा. जिथे जुळणार नाही, तिथून दुसऱ्या दिवशीचं काम सुरू करा.