रझांचा बिंदू आला कुठून? ककैयाची शाळा ते पॅरिस

2023 मध्ये फेब्रुवारी ते मे असं पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये चित्रकार सय्यद हैदर रझांचं मोठं एकल प्रदर्शन झालं. शंभराच्या आसपास चित्रं. रझा म्हटलं की लोकांना एकच आठवतं, मधोमध काळा गोल, म्हणजे त्यांचा बिंदू, आणि भोवती त्रिकोण-चौकोन, आणि खाली कॅप्शन ठरलेलं, शून्य, ब्रह्मांड, भारतीय अध्यात्म वगैरे. चूक आहे असं नाही म्हणत मी. पण तो गोल आधी अध्यात्म नव्हता हो, शाळेत लक्ष न देणाऱ्या पोरावर मास्तरने केलेला इलाज होता.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. तेव्हाचा मध्य प्रांत, आताचा मध्य प्रदेश. वडील जंगल खात्यात, डेप्युटी रेंजर, म्हणजे घर कायम जंगलाला लागून, आणि बदली झाली की दुसऱ्या जंगलाला लागून. ककैया नावाच्या गावात प्राथमिक शाळा. पोरगं भयंकर चुळबुळं, अभ्यासात मन लागेना, तर नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी त्याला व्हरांड्यात बसवलं, भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं की बाकी सगळं विसर, फक्त ह्याच्याकडे बघत बस. बस्स एवढंच. ह्या ठिपक्यावर पुढे तीस-पस्तीस वर्षं चित्रं निघाली.

पण ठिपक्याच्या नादात जंगल राहून जातं, आणि मला विचाराल तर खरा माल तिथेच आहे. लहानपणीची सगळ्यात चिवट आठवण म्हणजे जंगलाची भीती आणि त्याचीच ओढ, असं रझांनी स्वतःच सांगून ठेवलंय. रात्र झाली की भास व्हायचे, गोंड आदिवासींचा नाच असला तर तेवढाच माणसांचा आधार. मग उजाडलं की जीव भांड्यात, बाजाराच्या दिवशी उन्हात अख्खं गाव झगमगायचं आणि संध्याकाळी परत तोच काळोख. आता 1972 चं त्यांचं 'तपोवन' बघा, नाहीतर 1973 चं 'ला तेर' म्हणजे जमीन. गडद काळोखातून लाल-केशरी पेटत येतं. ह्यात घर, झाड, माणूस काहीच ओळखू येत नाही, तरी ती मंडल्याची रात्र आहे हे कळतं.

आपल्याकडचा धागा नागपूरचा. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे दमोहला शाळा झाल्यावर चित्रकला शिकायची म्हणजे नागपूर हे सरळच होतं, 1939 ते 43 ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. तिथून मुंबई. फोर्टातल्या एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत पोटासाठी काम, आणि जे.जे. कला महाविद्यालयात शिक्षण. तेव्हाची चित्रं म्हणजे पावसातले रस्ते, फ्लोरा फाउंटन, जलरंगात. सुंदर आहेत, पण त्यात मंडला औषधालाही नाही. साहजिक आहे, विशीतला पोरगा शहरात आल्यावर शहरच बघणार ना.

1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे ह्यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा नव्या विचारांच्या कलावंतांचा गट झाला ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच सुमारास घरची काय वाताहत झाली ते कमी बोललं जातं. 47 मध्ये आई गेली, पुढच्या वर्षी वडील, फाळणीत भावंडं पाकिस्तानात, पहिली बायकोही. हे एकटे इथेच राहिले. कारण काय, तर लहानपणी मंडल्यात गांधीजींना बघितलं होतं आणि त्या माणसाचा देश सोडून जाणं मनाला पटेना. म्हणजे ज्या घरात लहानपण गेलं ते घरच मोडलं, मग उरली ती नुसती जागा.

काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं चांगली आहेत पण बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान बघ, असं त्यांनी सुनावलं. 1950 मध्ये फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप घेऊन रझा बोटीने पॅरिसला. 56 मध्ये तिथल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला, 59 मध्ये जनीन माँजिला ह्या चित्रकार बाईंशी लग्न. सगळं छान चाललंय, नाव झालंय, आणि सत्तरच्या दशकात गडी अस्वस्थ. फ्रेंच चित्रकार म्हणून जमलं, पण माझं ह्यात काय? मग भारताच्या फेऱ्या वाढल्या, अजिंठा, वेरूळ, बनारस, राजस्थान, मंडलाही.

मग 1981 चं 'माँ'. काळा बिंदू आहेच, आणि खाली हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ देवनागरीत लिहिलेली, आई, परत येईन तेव्हा काय आणू, अशा अर्थाची. आई जाऊन चौतीस वर्षं झालेली. मला तरी हे चित्र नंतरच्या सगळ्या नीटनेटक्या बिंदूंपेक्षा जास्त लागतं.

इथे एक शंका घेतलीच पाहिजे. झारिया गुरुजींची गोष्ट रझांनी मोठेपणी सांगितली, तोवर बिंदू, पंचतत्त्व, प्रकृती-पुरुष सगळं वाचून झालेलं. त्यामुळे भिंतीवरचा ठिपका आणि शास्त्रातला बिंदू त्यांच्या डोक्यात कधी एक झाले कोण जाणे. खोटं सांगितलं असं नाही, पण आठवण अशीच असते, पुढचं आयुष्य तिच्यावर हात फिरवत राहतं. नंतर नंतर बिंदू जरा ब्रँडच झाला हेही मान्य करूया, 1989 चं 'जेस्टेशन' 2023 मध्ये मुंबईच्या लिलावात पन्नास कोटींच्या वर गेलं.

जनीन 2002 मध्ये गेल्या. 2010 च्या शेवटी रझा साठ वर्षांचा फ्रान्समधला संसार आवरून दिल्लीत परत आले आणि शेवटपर्यंत चित्रं काढत राहिले. 23 जुलै 2016 ला गेले, दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी. तिथे आता त्यांच्या आठवणीत कार्यक्रम होतात, गावातली पोरंटोरं, बाया-माणसं येतात आणि छत्र्यांवर चित्रं रंगवतात.